दहापैकी दहा

माणसाचा स्वभाव मोजायला एक तास दहा मिनिटं लागतात. त्यातली दहा मिनिटं सूचना वाचून दाखवण्यात जातात. उरलेल्या तासात माणूस एकशे ऐंशी वाक्यांपुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ला गोल करतो आणि मग आम्ही त्याला सांगतो, की तो कोण आहे. एकवीस वर्षं मी या कचेरीत आहे. हा मी नव्हे, असं म्हणत अजून एकही माणूस परत आलेला नाही. आपल्याविषयी कुणीतरी बारा पानं लिहिली, यातच लोक खूश असतात.

मी कॉलेजात शिकत होते तेव्हा एका पुस्तकात माणसांचे चार प्रकार होते, दुसऱ्यात सोळा. तिसऱ्यात प्रकार नव्हतेच, पाच मोजपट्ट्या होत्या आणि प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी उभा होता. आमच्या संचालकांनी तिन्हींतलं थोडं थोडं उचललं, वर आपलं नाव घातलं आणि दुकान थाटलं. बँका, कारखाने, विमान कंपन्या, सगळे आमच्याकडे माणसं पाठवतात. अहवाल तयार करणारे गृहस्थ, त्यांना आम्ही अहवालवाले म्हणतो, आधीच लिहून ठेवलेल्या तीनशे परिच्छेदांतून आकड्यांप्रमाणे बारा पानं जुळवतात. ‘आपण मनमिळाऊ आहात, मात्र प्रसंगी एकांतही आपणास प्रिय आहे.’ हा परिच्छेद एकदा त्यांनी चुकून एका दिवसात साठ जणांना लावला होता. साठही जणांना तो तंतोतंत पटला.

या सगळ्या भंपकपणात माझी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे सचोटीची दहा वाक्यं. माणूस उत्तरं देताना स्वतःला रंगवून दाखवतोय का, हे पकडायला ही वाक्यं बाकीच्यांत विखरून टाकलेली असतात. युक्ती साधी आहे. ‘मी आजवर एकदाही कामावर उशिरा गेलेलो नाही.’ ‘दिलेला शब्द मी प्रत्येक वेळी पाळला आहे.’ ‘कामाच्या जागेवरची टाचणीसुद्धा मी कधी घरी नेलेली नाही.’ ‘मी कधीही कुणाविषयी पाठीमागे वाईट बोललेलो नाही.’ अशी दहा. कुणालाही ‘हो’ म्हणायला आवडेल, पण खरेपणाने म्हणता येणार नाही, अशी. सात किंवा जास्त ‘हो’ आले की माणूस थापाड्या. मग त्याची बाकीची उत्तरं बघायचीच नाहीत, अहवालावर ‘अविश्वसनीय’ असा शिक्का मारायचा.

ही वाक्यं मी चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी लिहिली. सात हा आकडा कुठून आला, असं कुणी विचारलं तर संचालक ‘शास्त्रीय चाचणी’ म्हणतात. ती चाचणी मला माहीत आहे. आमच्या कचेरीत तेव्हा अकरा माणसं होती, ती अकरा आणि शेजारच्या संगणक वर्गातली तीस पोरं. कुणालाच पाचाच्या वर जाता आलं नाही. संचालकांना दोन मिळाले होते, मला एक. तेवढ्यावर आम्ही ठरवलं, की सातपर्यंत पोचणारा खरा माणूस जगात नसतो.

कचेरीत आमचा एक खेळ होता. साहेब लोक संगणकावर परीक्षा देतात, पण कामगारांच्या अजून कागदावरच होतात आणि त्या मी तपासते. भोकं पाडलेला पारदर्शक कागद असतो, त्याला आम्ही जाळी म्हणतो. ती उत्तरपत्रिकेवर ठेवायची आणि भोकांतून दिसणारे गोल मोजायचे. कधीतरी दहाच्या दहा भोकांत ‘हो’ दिसतो. असा कागद मिळाला की तो चहाच्या कपाटाच्या दारावर टाचायचा. त्या दाराला महात्म्यांचं दार म्हणत. कागदावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, त्यामुळे मनसोक्त हसता येई. ‘क्रमांक आठशे बाराने आजवर एकदाही खोटं बोललेलं नाही,’ असं मी गंभीर चेहऱ्याने वाचायची आणि अहवालवाले हात जोडायचे. मला नक्कल छान जमते. माणसांच्या ढोंगाची मला मनापासून किळस आहे आणि ती मी कधी लपवली नाही.

माझ्या ताईचे यजमान, आमचे भाऊजी, एका मोठ्या इस्पितळात लिफ्टचे तंत्रज्ञ आहेत. सात लिफ्ट, सत्तावीस वर्षं. त्यांच्याइतका कंटाळवाणा माणूस मी पाहिलेला नाही. नवा पडदा कसा दिसतो, असं ताईने हौसेने विचारलं की ते उठून जवळ जाऊन बघतात आणि सांगतात, ‘डावीकडे आखूड झालाय.’ औषधाच्या बाटलीबरोबर येणारा बारीक अक्षरांचा कागद ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. लिफ्टमध्ये एकदा कुणाची छत्री राहिली, तर आठ महिने ते तिच्या मालकाला शोधत होते. छत्री मोडकी होती. मालक सापडल्यावर त्याने ती तिथल्या तिथे कचऱ्यात टाकली, हेही भाऊजींनीच आम्हाला सांगितलं, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कळलं नाही.

ते माझ्याकडे येतात ते बरोबर ठरल्या वेळेला. मी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. पाच वाजता येतो म्हणाले की पाचाच्या ठोक्याला बेल वाजते. एकदा मी सहज खिडकीतून खाली पाहिलं, तर पाचाला वीस मिनिटं कमी असताना ते खाली फाटकापाशी उभे होते. वेळेआधी वर येऊन मला त्रास नको म्हणून. हाक मारली असती तर वर आले असते. मी पडदा ओढून घेतला आणि चहा एकटीनेच प्यायला.

या वर्षी इस्पितळाच्या नव्या व्यवस्थापनाच्या डोक्यात शिरलं, की जोखमीच्या कामावरच्या प्रत्येकाचा स्वभाव मोजून घ्यावा. काम आमच्याकडे आलं. भाऊजी त्यात असणार हे मला माहीत होतं, पण त्यांची काळजी करण्याचं कारण दिसलं नाही. अशा माणसाचं काय मोजायचं, लाकडी फळी ती. दोनशे चार कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला आणि मी जाळी घेऊन बसले.

क्रमांक एकशे एकोणचाळीस. दहापैकी दहा. गोल इतके नेटके, की एकही रेघ अक्षराला शिवलेली नाही. मी कागद उचलून थेट चहाच्या कपाटाकडे गेले. त्या दिवशी माझा खेळ विशेष रंगला. या महात्म्याच्या घरी टाचणी कशी पाहुणी म्हणून येते आणि जेवून परत जाते, असं काहीबाही मी बोलत गेले. संचालकसुद्धा खोलीबाहेर येऊन हसले. मग मी शिक्का मारला आणि पुढचा कागद घेतला.

बारा दिवसांनी ताईचा फोन आला. “छोटी, जरा येऊन जा. यांचं काहीतरी बिनसलंय.” मी बावन्न वर्षांची आहे, पण त्या घरात छोटीच आहे.

भाऊजी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर आमच्या कचेरीचा लिफाफा होता. त्यांना लिफ्टवरून काढून कपड्यांच्या कोठारात बसवलं होतं, चादरींच्या घड्या मोजायला. पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा घेता येईल, त्यातही तेच आलं तर कायमचं कोठार.

“चार नंबरच्या लिफ्टचा ब्रेक बदलायला झालाय,” भाऊजी म्हणाले. “ती ऑपरेशनला जाणाऱ्या पेशंटची लिफ्ट आहे. नवीन माणसाला तिचा आवाज ओळखता येत नाही. मी सांगायला गेलो तर अधीक्षक म्हणाले, तुम्ही कागदावर खोटे ठरलाय, तुमच्या सांगण्यावर मी लिफ्ट बंद कशी ठेवू.”

ताई म्हणाली, “रात्रीचे उठून बसतात गं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी यांना असं पाहिलं नाही.”

“माझं चुकलं कुठं, एवढंच सांग,” भाऊजी मला म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. परीक्षा माझ्या कचेरीची होती, म्हणजे ती बरोबरच असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. “एका वाक्याला मी अडलो होतो. आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही, असं होतं. मी तिथल्या बाईंना विचारलं, लहानपण धरायचं का. त्या म्हणाल्या, सोडून द्या. मग मी ‘हो’ केलं. धरायला हवं होतं का?”

मी विचारलं, “तुमचा क्रमांक काय होता?”

“एकशे एकोणचाळीस.”

मला त्या घरात बसवेना. ते खोटं बोलले असतील, असं क्षणभरही वाटलं नाही, आणि हीच वाईट गोष्ट होती. तीस वर्षं मी या माणसाला पाहत होते. दहातलं प्रत्येक वाक्य मी त्यांच्याशी ताडून पाहिलं असतं, तर प्रत्येकाला ‘हो’ आलं असतं. वाक्यं लिहिताना असा माणूस जगात नसतो, असं मी छातीठोकपणे म्हटलं होतं, आणि आदल्याच रविवारी तो माझ्याकडे येऊन गळका नळ दुरुस्त करून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांच्या खोलीत गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते खुर्चीत मागे रेलले.

“मॅडम, नापास झालेला प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊजी असतो.”

“हा माणूस खरंच कधी उशिरा गेलेला नाही. त्यांच्या हजेरीची वही मागवा.”

“समजा, नसेल गेला. मग तो अपवाद आहे. अपवाद मापनात धरत नाहीत, हे तुम्हाला मी शिकवायचं का?” ते हसले. “आणि आज तुमची ती वाक्यं चुकीची आहेत असं आपण म्हटलं, तर चौदा वर्षांत शिक्का मारलेले सगळे उद्या दारात उभे राहतील. त्यांतही असतील काही भाऊजी. तुम्ही मोजलेत?”

मी मोजले नव्हते. बाहेर आले तेव्हा कपाटाच्या दारावर एकोणीस कागद होते. एकशे एकोणचाळीस मी काढून पर्समध्ये ठेवला. अहवालवाल्यांनी विचारलं, “महात्म्याला घरी नेताय?” मी पर्स बंद केली. बाकीचे अठरा कुणाचे कोण होते, देव जाणे. मी त्यांना तसंच लटकत ठेवलं.

राहिला एकच मार्ग. मी ताईकडे जाऊन भाऊजींपुढे बसले आणि त्यांना दहाही वाक्यं सांगितली. हे आमच्या धंद्यातलं मोठं पाप आहे, पण मी सांगितली. “फेरपरीक्षेत यांतल्या चारांना ‘नाही’ म्हणा. कुठल्याही चारांना. बाकी काही करू नका.”

त्यांनी नीट ऐकलं. “म्हणजे मी उशिरा गेलो होतो, असं सांगू?”

“हो.”

“पण मी गेलो नव्हतो.”

“भाऊजी, ते तुम्हाला खरं मानतील. लिफ्ट परत मिळेल.”

“खोटं सांगितलं म्हणून खरं मानतील?” ते बराच वेळ विचार करत होते. कोडं सुटत नसल्यासारखे नव्हे, तर समोरच्याच्या हातून गणितात चूक झालीय आणि ती कशी सांगावी, असे. “छोटी, असं नसेल. तुमच्याकडे शिकलेली माणसं आहेत.”

ताईने हात टेकले. “आयुष्यात एकदा माझ्यासाठी खोटं बोला,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भाऊजी तिच्या मागे गेले नाहीत. चार नंबरच्या लिफ्टचं काय झालं ते कळलं का, असं त्यांनी मला विचारलं. मला त्यांचा इतका राग आला, की मी चप्पल घालून सरळ निघाले. मला वाटतं, तो राग त्यांच्यावर नव्हता. पण काढायला तेच समोर होते.

फेरपरीक्षेच्या गठ्ठ्यात सहाच कागद होते. भाऊजींचा ओळखायला क्रमांक बघायची गरज नव्हती. मी जाळी ठेवली. नऊ ‘हो’. एकच ‘नाही’, पाठीमागे वाईट बोलण्याच्या वाक्याला, आणि त्याच्या शेजारी समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘एकदा. या महिन्याच्या चार तारखेला. मेहुणीविषयी.’

चार तारीख म्हणजे मी तणतणत निघून गेले तो दिवस. तीस वर्षांत या माणसाने माझ्याविषयी अवाक्षर काढलं नव्हतं. मी मात्र त्यांची नक्कल किती घरांत करून दाखवली, त्याचा मला पत्ता नाही.

नऊ म्हणजे कायमचं कोठार. परीक्षा पेन्सिलीनेच द्यायची, असा आमचा नियम आहे आणि माझ्या टेबलावर खोडरबर असतो. मी समासातली ओळ खोडली. मग उशिराचं वाक्य खोडलं, शब्द पाळण्याचं खोडलं, खोटं न बोलण्याचं खोडलं, आणि तिन्ही ठिकाणी ‘नाही’ला गोल केला. मला त्यांच्यासारखा गोल काढता येईना. दोनदा रेघ अक्षरावर गेली. शेवटी जमेल तसा काढला, जाळी ठेवून सहा मोजले आणि कागद पुढे पाठवला. दोन दिवसांनी अहवालवाल्यांच्या यंत्रातून पान बाहेर पडलं: ‘उमेदवाराने स्वतःविषयी प्रांजळपणे उत्तरं दिली आहेत.’ एकवीस वर्षांत आमच्याकडून एखाद्या माणसाविषयी एवढं खरं वाक्य गेलं नसेल, आणि ते पाठवायला मला त्याचा कागद खोटा करावा लागला.

लिफ्ट परत मिळाल्या. चार नंबरचा ब्रेक पहिल्याच दिवशी बदलला गेला. ताई फोनवर रडली आणि म्हणाली, हे रविवारी पाचला तुझ्याकडे येतायत, काहीतरी बोलायचंय म्हणतात.

रविवारी साडेचारपासून मी खिडकीत होते. वीस मिनिटं कमी असताना ते फाटकापाशी येऊन उभे राहिले. मी खाली गेले.

“अजून पाच वाजायचेत,” ते म्हणाले.

“असू दे. इथंच बोला.”

त्यांनी घसा साफ केला. “त्या दिवशी तू गेल्यावर मी हिच्याजवळ बोललो, की छोटीला माणसं आवडत नाहीत. तुझ्या मागे बोललो. परीक्षेत लिहिलं, पण तुला सांगितलं नव्हतं. मला माफ कर.”

एकशे ऐंशी वाक्यं नाहीत, जाळी नाही, बारा पानं नाहीत. चार शब्दांत मोजून टाकलं होतं मला, आणि वर माफी मागत होते.

“ते खरंच आहे, भाऊजी.”

“खरं असलं तरी मागे बोलायचं नसतं.” त्यांचा चेहरा मोकळा झाला. “पण तुमची परीक्षा मोठी अचूक आहे हां. मी त्यावर खूप विचार केला. पहिल्या वेळी मी दहाला ‘हो’ म्हटलं आणि खोटा ठरलो. दुसऱ्या वेळी फक्त त्या एका वाक्याला ‘नाही’ म्हटलं आणि खरा ठरलो. म्हणजे पहिल्या वेळी त्याच वाक्यात मी खोटं बोललो होतो. आधीही कुणाविषयी तरी वाईट बोललो असणार आणि विसरलो असणार. मला आठवत नाही, पण परीक्षेला कळलं.”

त्यांनी खिशातून छोटी वही काढली. त्यात शक्यता असलेल्या माणसांची यादी होती. सत्तावीस वर्षांतले सोबती, जुना मुकादम, कोठारातला कारकून, शेजारचे मास्तर, ताईची नणंद म्हणजे त्यांची स्वतःची बहीण. प्रत्येकासमोर कुठल्या दिवशी भेटायचं, ते लिहिलेलं होतं. एकेकाकडे जाऊन ते विचारणार होते, की मी तुमच्याविषयी कधी वाईट बोललोय का, आणि बोललो असेन तर क्षमा करा.

मी तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. ते ऐकून भाऊजी उद्या सकाळी अधीक्षकांच्या दारात उभे राहिले असते, वेळेआधी वीस मिनिटं, आणि परत चादरी मोजायला गेले असते. न ऐकता ते उरलेलं आयुष्य स्वतःला खोटा माणूस समजून काढणार होते, माझ्या एका दुपारच्या दहा वाक्यांपायी. आजवर मी पुष्कळांना हसले, पण माझ्याइतकं फालतू माणूस मी तपासलेलं नाही. मी तोंड मिटून घेतलं.

भाऊजींनी पेन्सिल काढली. यादीत पहिलं नाव माझं होतं. त्यावर त्यांनी पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारली.

“आता दहा राहिले,” ते म्हणाले.